ढग दाटून येतात तेव्हा

उम्मुल मोमिनीन ह. आयशा (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आलेली आहे. आकाशात ढग दाटून आले किंवा वारा जोराने वाहू लागला की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्याचा रंग पालटत असे. ते घरात येत, बाहेर जात, पुन्हा आत येत; पाऊस पडू लागला म्हणजे ही अस्वस्थता ओसरत असे. ह. आयशा (रजि.) यांनी एकदा विचारले, की लोक ढग पाहून पावसाच्या आशेने आनंदित होतात आणि आपल्या मुखावर मात्र काळजी दिसते, असे का? प्रेषितांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की या ढगात यातना नाही याची खात्री मला कोण देतो? एका जनसमूहाने असाच ढग पाहिला होता, आणि हा तर आम्हाला पाऊस देणारा ढग आहे, असे तो म्हणाला होता.

तो जनसमूह आदचा. दिव्य कुरआनच्या सूरह अल-अहकाफमध्ये (४६:२४) त्यांच्या दऱ्यांकडे सरकत येणाऱ्या त्या ढगाचा उल्लेख आहे. ह. हूद (अ.स.) यांनी त्यांना आधीच सावध केले होते. तरीही ढग दिसताच त्यांना आनंद झाला. त्यांची बुद्धी मंद होती असे कुरआन म्हणत नाही. उलट त्यांना कान, डोळे आणि अंतःकरणे दिली होती, हे दोनच आयतींनंतर स्पष्ट सांगितले आहे. त्यांची चूक निराळ्या जातीची होती. ढग म्हणजे पाऊस, हे त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाने त्यांना शिकवलेले होते, आणि तो अनुभव खोटा नव्हता. तो अपुरा होता. आजवर जे घडले त्याच्या पलीकडचे काही घडूच शकत नाही, अशी त्यांची पक्की धारणा होऊन बसली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मदीना हा कोरड्या प्रदेशातला मुलूख. तेथे पाऊस म्हणजे शुद्ध कृपा. अशा ठिकाणीदेखील अल्लाहचे प्रेषित ढगाकडे दोन्ही शक्यता मनात धरून पाहत होते. मग आपल्या कोकणात, जेथे एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे ढग पाहून आपल्या चेहऱ्याचा रंग का बदलत नाही?

२२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूण, महाड आणि पोलादपूर परिसरातील वाचकांना सांगावा लागणार नाही. महाबळेश्वरला त्या सुमारास चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेले पाणी सावित्रीने महाडात आणले. तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. चिपळूणच्या बाजारपेठेत २००५ च्या पुराची खूण हीच अनेकांची मोजपट्टी होती. त्या खुणेच्या वर फळी मारून माल ठेवला म्हणजे तो सुरक्षित, असा हिशेब होता. पाणी त्या खुणेवरून गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. याच तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर २००५ च्या जुलैमध्ये दरडी कोसळल्या होत्या. म्हणजे डोंगर खाली येऊ शकतो ही गोष्ट या भागाला नवीन नव्हती. फक्त तो आपला डोंगर नाही, असे प्रत्येक गावाला वाटत होते.

समाज धोक्याकडे कसा पाहतो, याचा विचार करताना मला वाटते, आपण मुसलमान तीन निरनिराळ्या वाटांनी चुकतो. पहिली वाट आदची, म्हणजे सवयीची. दुसरी वाट नियतीच्या नावाने हात झटकण्याची. तिसरी सर्वांत वाईट, आणि तिच्यात आम्ही मिंबरवर उभे राहणारे लोक पुढे असतो: दुसऱ्याच्या मढ्यावर उभे राहून त्याच्या पापांचा हिशेब मांडण्याची.

दुसऱ्या वाटेविषयी आधी बोलू. जे नशिबात आहे ते चुकणार नाही, हे वाक्य आपल्याकडे ईमानाचे लक्षण समजले जाते. तकदीरवर ईमान हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांच्यामुळे आपल्याला तकदीर कळली, त्यांचे दैनंदिन वर्तन कसे होते? तिर्मिजीमध्ये उंटाची हदीस आहे: उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे एकाने विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. ही हदीस सर्वांना पाठ असते, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही. तिच्या शेजारच्या, कमी ऐकल्या जाणाऱ्या हदीसींकडे वळतो.

मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, अशा आशयाचा आदेश दिला. बुखारीत याच विषयावर दुसरी एक हदीस आहे, तिच्यात कारणही सांगितले आहे: उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटते. उंदीर आणि वात! अल्लाहच्या अंतिम प्रेषिताने उंदराने ओढलेल्या वातीचा विचार केला आणि तो उम्मतला सांगितला. अबू दाऊदमध्ये कठडा नसलेल्या गच्चीवर झोपणाऱ्याला दिलेला कडक इशारा आहे. आणि सहीह मुस्लिममध्ये प्रवाशांसाठी एक सूचना आहे, की रात्री मुक्काम करताना वाटेवर पथारी टाकू नका, कारण रात्री ती जनावरांची आणि विषारी जीवांची वाट असते.

या शेवटच्या हदीसीजवळ थोडे थांबावेसे वाटते. दिवसा मोकळी, सपाट, सोयीची दिसणारी जागा रात्री दुसऱ्या कुणाची तरी वाट असते. ती तुम्हाला रिकामी दिसते, कारण तिचा मालक आत्ता तेथे नाही. नदीकाठच्या सपाट जमिनीचे वर्णन याहून नेमके कसे करावे? उन्हाळ्यात ती जागा रिकामी असते. जुलैमध्ये नदी आपल्या वाटेने येते आणि तेथे आपली पथारी पडलेली असते.

सरकारी नकाशांवर या वाटेच्या खुणा असतात. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा या नावांनी त्या ओळखल्या जातात. ढोबळमानाने सांगायचे तर पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. या ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आता आला, तर पुन्हा आपल्या पणतूच्या काळात येईल, असे लोक समजतात. त्याचा खरा अर्थ, दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, आणि गेल्या वर्षी येऊन गेला तरी यंदाही तेवढीच. याच हिशेबाने लाल रेषेपर्यंतच्या पाण्यात येणाऱ्या घरात माणूस तीस वर्षे राहिला, तर त्या काळात एकदा तरी ते बुडण्याची शक्यता चारात एकाहून किंचित अधिक भरते. निळ्या रेषेला टेकलेल्या घरासाठी हीच शक्यता दहांत सात होते. दहांत सात वेळा चोरी होणार असे कळले, तर आपण त्या पेटीत दागिने ठेवू का? पण मुले झोपवतो.

मराठीचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जोखीम हा शब्द ऐकला की मराठी कानाला शेजारचा ‘जोखणे’ हा शब्द आठवतो. दोघांची व्युत्पत्ती एक आहे की नाही ते कोशकारांनी ठरवावे. पण जोखणे म्हणजे तोलणे, आणि तराजू हा कुरआनच्या आवडीच्या प्रतिमांपैकी एक. सूरह अर-रहमानमध्ये आकाश उंचावल्याच्या लगोलग तुला (मीजान) ठेवल्याचा उल्लेख आहे आणि तोलात अतिरेक न करण्याची आज्ञा आहे. आपण त्या आयती वाण्याच्या तागडीपुरत्या समजतो. जमीन, पाणी, डोंगराचा उतार, त्यावर आपण टाकतो तो भार, हेही तोलातच मोडते.

आता सर्गची घटना पाहू, कारण नियती आणि सावधगिरी यांच्यातील वाद सहाबांच्या काळातच होऊन गेलेला आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. ह. उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर निघाले होते. सर्ग येथे सेनाधिकारी भेटले आणि पुढे साथ पसरली असल्याचे त्यांनी सांगितले. ह. उमर (रजि.) यांनी प्रथम मुहाजिरांना बोलावले, त्यांच्यात मतभेद झाले. मग अन्सारांना बोलावले, त्यांच्यातही तेच. शेवटी कुरैशच्या ज्येष्ठ, अनुभवी मंडळींना विचारले, तेव्हा त्या सर्वांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला. परतीची घोषणा झाली. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या नियतीपासून पळता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय सर्वांना ठाऊक आहे: होय, अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे. आणि त्यांनी एक दृष्टांत दिला, की दरीच्या एका काठावर हिरवळ असेल आणि दुसरा काठ उजाड असेल, तर तू उंट कोठेही चारलेस तरी ते अल्लाहच्या नियतीनेच असेल. म्हणजे हिरवा काठ निवडणे हेदेखील नियतीबाहेर नाही.

या हदीसीत एक तपशील असा आहे, की जो आपण घाईत ओलांडून जातो. साथीच्या गावात शिरू नये आणि तेथे असल्यास पळून जाऊ नये, ही प्रेषितांची (स.) हदीस ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना माहीत होती, परंतु ते त्या वेळी कामानिमित्त दूर होते. निर्णय झाल्यानंतर ते आले आणि त्यांनी ती ऐकवली. याचा अर्थ, ह. उमर (रजि.) यांनी परतण्याचा निर्णय घेतला तो जाणत्या माणसांना विचारून, परिस्थिती तोलून घेतला, हदीस नंतर आली आणि तिने त्यावर शिक्का मारला. हवामान खात्याचा लाल इशारा ऐकणे, भूवैज्ञानिकाने दाखवलेली भेग मान्य करणे, हे ईमानाच्या विरुद्ध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सर्गला उमर (रजि.) कोणाचे ऐकत होते ते पाहावे.

तिसरी वाट. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले. पन्नासहून अधिक माणसे बेपत्ताच राहिली. ही आदिवासी वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा राज्यकर्त्यांनी सांगितले. अशा घटनांनंतरच्या जुम्यांना ठिकठिकाणच्या खुतब्यांत काय बोलले जाते ते आपण ऐकतो: हा अजाब आहे, हे पापांचे फळ आहे. बोलणारा कोरड्या मशिदीत उभा असतो.

माझ्या समव्यावसायिकांना मी आदरपूर्वक विचारतो, हे आपल्याला कोणी कळवले? आदवर यातना आली हे आपल्याला वह्यने (ईशप्रकटनाने) कळले. वह्य आता बंद आहे. बुखारीतच साथीविषयी ह. आयशा (रजि.) यांची हदीस आहे, की ती एखाद्यासाठी यातना असते आणि श्रद्धावंतासाठी अल्लाहने ती कृपा ठरवली आहे. शहीदांच्या प्रकारांत बुडून मेलेला आणि ढिगाऱ्याखाली दबून मेलेला, असे दोघेही गणले आहेत. म्हणजे त्या २२ जुलैला पाण्यात किंवा दरडीखाली जो ईमानधारक गेला, त्याला प्रेषित (स.) शहीद म्हणतात आणि आपण त्याला गुन्हेगार ठरवतो. आणि जे ईमानधारक नव्हते त्यांच्याविषयी? त्यांचा निवाडा करणारा अल्लाह आहे. शेजाऱ्याचा हक्क मात्र आपल्यावर आहे, आणि त्या हक्कात त्याच्या पोरक्या मुलाला टोमणा मारणे बसत नाही. प्रेषितांचा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की त्याच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. शोकाकुल पित्याला हे ऐकून बरे वाटले असते. परंतु प्रेषितांनी (स.) तत्क्षणी सांगितले, की कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, आणि नमाज अदा करण्यास सांगितले. निसर्गातील घटनेला जवळच्या माणसाच्या कथेत गुंफण्याचा मोह त्यांनी स्वतःच्या बाबतीत नाकारला.

ढग पाहून त्यांचा चेहरा बदलत होता, तेव्हा ते भय आपल्या उम्मतसाठी होते, आपल्या वस्तीसाठी होते. शेजारच्या वस्तीवर केलेला आरोप नव्हता. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

मग सूरह अर-रूमच्या आयतीचे (३०:४१) काय, असे कोणी विचारील. भूमीवर आणि समुद्रात माणसांच्या हातांच्या कमाईमुळे बिघाड माजला, असे तेथे म्हटलेच आहे. होय. पण ज्यांचे हात कमावतात आणि ज्यांची घरे जातात ते एकच लोक असतात, असे त्या आयतीत कोठे आहे? ज्याच्या पोकलेनने डोंगराचा पायथा कापला तो दूर शहरात राहतो. डोंगर ज्याच्यावर आला तो भातलावणी करून दमून झोपलेला असतो. पापाचा शोध घ्यायचाच असेल तर मेलेल्यांच्या अंगणात घेऊ नये. खाण कोणाची होती, उतारावर सपाटीकरण कोणी केले, परवानगीच्या कागदावर सही कोणाची होती, तेथे तो घ्यावा. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ ला गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसांसह. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसले नाही तेव्हा जगाला कळले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळमधील वायनाडला मुंडक्कई आणि चूरलमला येथे दरड कोसळली. दोन्ही गावे एकाच सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरची.

या सह्याद्रीविषयी इशारा देण्यात आला नव्हता काय? केंद्र सरकारने २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. त्याने २०११ मध्ये अहवाल दिला. कोठे खाण नको, कोणत्या उतारावर काय नको, आणि निर्णयात ग्रामसभेला स्थान हवे, हे त्यात होते. अहवाल दडपून ठेवला गेला आणि माहितीच्या अधिकारातील लढ्यानंतर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. नंतर दुसरी समिती आली, तिने संवेदनशील क्षेत्र पुष्कळ कमी केले, आणि तेही लागू करण्याविषयी वर्षानुवर्षे घोळ चालला. आपल्या गावांतही त्या अहवालाला विरोध झाला. घराला खिळा मारता येणार नाही अशा अफवांवर विश्वास ठेवून झाला. अहवाल किती जणांनी वाचला होता? भोपाळमध्ये राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून त्या कीटकनाशकाच्या कारखान्यातील धोक्याविषयी लिहिले होते. डिसेंबर १९८४ ची ती रात्र येईपर्यंत कोणी मनावर घेतले नाही. इशारा देणारा हा लोकांना नेहमी अपशकुनी वाटत आला आहे. प्रेषितांच्या कथा वाचणाऱ्या समाजाला तरी हे नवे वाटू नये. नजीर, म्हणजे सावध करणारा, हे तर प्रेषितांचेच एक नाव आहे.

सूरह अन-नम्लमधील (२७:१८) मुंगीकडे मला या संदर्भात पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. ह. सुलैमान (अ.स.) यांचे सैन्य मुंग्यांच्या दरीपर्यंत आले. एका मुंगीने इतरांना आपापल्या घरांत शिरण्यास सांगितले, नाहीतर सुलैमान आणि त्यांचे सैन्य त्यांना चिरडील, आणि त्यांना त्याची जाणीवही नसेल. किती न्यायी आहे ही मुंगी! ती सैन्यावर दुष्टपणाचा आरोप करीत नाही. हे सैन्य एका प्रेषिताचे आहे, सत्कार्याला निघालेले आहे. तरीही त्याच्या पायाखाली एक वसाहत नष्ट होऊ शकते, केवळ खाली पाहिले नाही म्हणून. आजचे बहुतेक धोके याच प्रकारचे आहेत. महामार्ग लोकांच्या सोयीसाठीच असतो. धरण पाण्यासाठीच असते. कारखाना रोजगारासाठीच असतो. चिरडण्याचा हेतू कोणाचाही नसतो. आणि कथेचा पुढचा भाग असा, की सुलैमानांनी (अ.स.) मुंगीचे बोलणे ऐकले, ते हसले, आणि अल्लाहच्या कृपेचे आभार मानण्याची सद्बुद्धी त्यांनी मागितली. एवढा मोठा राजा, आणि त्याच्या सामर्थ्यात मुंगीची तक्रार ऐकू येणे हेही समाविष्ट होते. आपल्या काळातील सामर्थ्यवानांची यंत्रे मोठी झाली, कान तेवढे झाले नाहीत.

जहाजाची हदीसही याच अंगाने वाचली पाहिजे. बुखारीत ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून ती आली आहे. काही लोकांना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वरून जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडण्याचा विचार केला. वरच्यांनी त्यांचे हात धरले तर सगळे वाचतील, सोडून दिले तर सगळे बुडतील. आपण ही हदीस सांगताना ‘हात धरणे’ एवढ्यावरच भर देतो. पण खालच्यांना भोक का पाडावेसे वाटले? पाणी हवे होते म्हणून. आणि ते मिळवताना वरच्यांना आपला उपद्रव होतो, हे त्यांना जाणवत होते म्हणून. डोंगराच्या उतारावर झोपडी बांधणाऱ्याला, वहाळात भर टाकून एक खोली काढणाऱ्या गरिबाला सपाट जागेचा भाव परवडत नाही. त्याला केवळ नोटीस देणे म्हणजे हात धरून तहानलेला ठेवणे. वरच्या मजल्यावरून जाण्याची वाट त्याला दिली पाहिजे. म्हणजे सुरक्षित जागा, आणि ती त्याच्या शेतापासून, जंगलापासून, रोजगारापासून तुटलेली नको. सुरक्षित जागी हलवलेले लोक जुन्या जागी परततात, ते हटवादीपणाने नव्हे. तेथे त्यांचे पाणी असते.

पण आपल्यातले सगळेच काही खालच्या मजल्यावरचे नाहीत. कोकणात आखातातील कमाईवर उभे राहिलेले बंगले आपण पाहतो. कष्टाची, हलाल कमाई आहे ती. तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु खाडीकाठच्या खाजण जमिनीत दोन माणूस उंचीचा भराव टाकून बंगला वर घेतला, की पाणी कोठे जाते? ते शेजारच्या जुन्या कौलारू घराच्या ओटीवर चढते. पऱ्याच्या पात्रात संरक्षक भिंत सरकवून अंगण वाढवले, की समोरचा काठ कापला जातो. आणि सांगताना संकोच वाटतो, पण काही ठिकाणी मशिदीच्या वाढीव वुजूखान्याची किंवा शौचालयाची भिंतसुद्धा नाल्याच्या पात्रात गेलेली आहे. कोणी विचारले तर, अल्लाहच्या घराचे काम आहे, असे उत्तर मिळते. इब्ने माजा आणि इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आलेली, स्वतः हानी करू नये आणि हानीच्या बदल्यातही हानी करू नये या आशयाची हदीस फिक्हचा पाया मानली जाते. फुकहांनी तिच्यावरून नियम काढला, की लाभ मिळवण्यापेक्षा हानी टाळणे अग्रक्रमाचे आहे. शेजाऱ्याच्या ओटीवर पाणी सोडणारी भिंत या नियमाने नाजायज ठरते, आणि तिच्यावर मिनार असल्याने तिचा हुकूम बदलत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्येष्ठ मुफ्तींनी या प्रश्नावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सुकाळात दुष्काळाची तयारी कशी करावी, हे ह. यूसुफ (अ.स.) यांच्या कथेत आहेच: सात वर्षे पीक काढा, खाण्यापुरते सोडून बाकीचे कणसातच राहू द्या. स्वप्नाचा अर्थ सांगताना त्यांनी साठवणीची पद्धतही सांगितली. धोका सांगणे आणि उपाय सांगणे त्यांनी वेगळे केले नाही, आणि हे त्यांनी ज्यांच्यासाठी केले ते त्यांच्या धर्माचे नव्हते. त्यांच्याच तुरुंगात ते वर्षानुवर्षे होते.

आपल्या मशिदींजवळ या कामासाठी काय आहे? पुष्कळ आहे. पक्की इमारत आहे, अनेक गावांत उंचावरची. रोज पाच वेळा एकत्र येणारी माणसे आहेत. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणत्या घरातले पुरुष कुवैतला आहेत आणि बायका-मुलेच आहेत, हे जमातीला तहसील कार्यालयापेक्षा अधिक ठाऊक असते. आणि भोंगा आहे. सहीह बुखारीत आहे, की पावसाच्या दिवशी ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला नमाजकडे या म्हणण्याऐवजी, आपापल्या घरी नमाज अदा करा, असे पुकारण्यास सांगितले. लोकांना ते विचित्र वाटले, तेव्हा माझ्याहून श्रेष्ठाने, म्हणजे प्रेषितांनी (स.), असेच केले होते, असे त्यांनी सांगितले. तो जुम्याचा दिवस होता. चिखलात लोकांना चालत आणावे, हे त्यांना पसंत नव्हते. विचार करा: अजान, जिचा शब्दन् शब्द ठरलेला आहे, ती माणसांच्या सुरक्षिततेसाठी बदलली गेली. मग त्याच भोंग्यावरून, धरणाचे पाणी सोडले आहे, खालच्या आळीने वर यावे, ही सूचना देण्यास आपले मुतवल्ली कचरतात कशासाठी? ती सूचना सर्व धर्मांच्या घरांना ऐकू जाते, हा तर तिचा गुणच आहे.

दुआचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एका जुम्याला एका माणसाने दुष्काळाची तक्रार केली, प्रेषितांनी (स.) मिंबरवरच हात उचलले आणि आठवडाभर पाऊस थांबला नाही. पुढच्या जुम्याला पुन्हा एक माणूस उठला, घरे कोसळत आहेत म्हणाला. प्रेषितांनी (स.) पाऊस बंद होवो, अशी दुआ केली नाही. तो आमच्या सभोवती पडो, आमच्यावर नको, अशी केली. आणि त्याच्या जागा मोजून सांगितल्या: टेकड्या, दऱ्यांचे तळ, झाडे उगवतात ती ठिकाणे. पाण्याची जागा कोठे आणि माणसाची जागा कोठे, याची त्या दुआत स्पष्ट विभागणी आहे. ही दुआ आपण आजही पढतो. दरीच्या तळाशी घर बांधून ती पढणाऱ्याने आपण काय मागत आहोत, हे क्षणभर मनाशी तपासावे.

पावसाळा तोंडावर आहे. ज्या जमातींना शक्य आहे त्यांनी मे महिन्यातील एका जुम्याला नमाजनंतर आपल्या गावचा वहाळ उगमापासून खाडीपर्यंत चालून पाहावा. ग्रामपंचायतीला आणि इतर समाजांच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन. कोठे प्लास्टिक अडकले आहे, कोठे मोरी बुजली आहे, कोणाची भिंत पात्रात आहे, ते लिहून काढावे. आपली असेल तर ती आधी लिहावी. उताराखालच्या वाड्यांतील माणसांना खुणा सांगाव्यात: जमिनीत किंवा भिंतीत नवी भेग, तिरकी झुकू लागलेली झाडे आणि विजेचे खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा किंवा भलत्याच जागी फुटलेले पाणी. यांपैकी काहीही दिसले आणि पाऊस थांबत नसेल, तर अधिकाऱ्याची वाट न पाहता निघावे. कोठे निघावे हे आधी ठरलेले असावे. मशिदीच्या किंवा मदरशाच्या वरच्या मजल्याची किल्ली दोन माणसांकडे असावी, त्यांपैकी एक रात्री गावात मुक्कामाला असणारा हवा. बॅटऱ्या, दोऱ्या, पिण्याच्या पाण्याची पिंपे आणि म्हाताऱ्यांची नावे लिहिलेली वही तेथेच असावी. त्या वहीत वरच्या बौद्धवाडीतील आणि कातकरी वस्तीतील म्हाताऱ्यांचीही नावे असावीत.

चिपळूणमध्ये वाशिष्ठीतील गाळ काढण्याचे काम नागरिकांनी रस्त्यावर बसून मिळवले, त्यात सर्व समाजांचे लोक होते. जेथे नदीपात्र भरले आहे तेथे असे बसावे लागेल, आणि जेथे आपल्याच भरावाने ते भरले आहे तेथे आधी भराव काढावा लागेल. हे दुसरे काम जमातीच्या बैठकीत कोणीतरी पहिल्याने बोलून दाखवायचे आहे. इमामाने बोलावे, असे मला वाटते. नोकरी जमातीच्या हातात असताना ते अवघड आहे, हे मी जाणतो. म्हणूनच मुतवल्लींनी ते त्याच्यासाठी थोडे सोपे करावे.